काडेपेटी गेटवर ठेवा



गळीत हंगाम सुरू झाला की गटाच्या बैठकीत एक गाऱ्हाणे हमखास निघते. यंदाही निघाले. ट्रॉली घेऊन आलेल्या एका सभासदाला गेटवरच्या वॉचमनने थांबवले आणि विचारले, "तुमना खिसामा काय शे, दादा? काडीपेटी व्हई तं आठे ठेवा." सभासद तापले. म्हणाले, "अरे, कारखाना आमचा, शेअर आमचा, ऊस आमचा, आणि झडतीही आमचीच?" वॉचमनने मुकाट्याने पत्र्याचा डबा पुढे केला, बिडीबंडल आणि काडेपेटी त्यात ठेवून घेतली आणि नंबरचा बिल्ला हातात दिला. सभासद आत गेले, पण राग गेला नाही. बैठकीत त्यांनी विषय काढला तेव्हा निम्मी बैठक माना डोलावत होती.

मीही तिथे होतो. उठून उत्तर द्यावे असे वाटले, पण दोन मिनिटांत सांगण्यासारखे ते नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच. मी डॉक्टर नाही, कायद्याचा जाणकारही नाही. पाच एकर ऊस लावणारा साधा सभासद आहे आणि तब्बल चौतीस वर्षे बिडी ओढलेला माणूस आहे. या दोन्ही नात्यांनी चार शब्द लिहितो. गोड मानून घ्यावेत.

ढीग कोणाचा?

बगॅसचा ढीग बाहेरून पाहणाऱ्याला कचरा वाटतो. शंभर टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघतो. दिवसाला अडीच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यात रोज सातशे टनांच्या वर बगॅस तयार होतो. तोच बॉयलरमध्ये जळतो, त्याचीच वाफ होते, त्या वाफेवर टर्बाइन फिरते आणि रस आटतो. म्हणजे ऊस आपल्याच चोथ्यावर शिजतो. बाहेरून कोळसा आणावा लागत नाही. जो उरतो तो साठवायचा. पुढच्या हंगामाची पहिली वाफ त्यावर धरायची, मधे मिल थांबली तर पुन्हा सुरू करायला तो वापरायचा, जास्तीचा कागद कारखान्यांना विकायचा, आणि जिथे सहवीज प्रकल्प आहे तिथे त्याची वीज करायची.

मिलमधून बाहेर पडताना बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. पण यार्डात पडून पडून तो वाळतो. फेब्रुवारी-मार्चपासून आपल्याकडचे ऊन कसे असते आणि तापीकाठचा वारा कसा सुटतो हे मी सांगायला नको. ढिगाचा वरचा थर मग कापसासारखा पेट घेतो. बरे, आग वर दिसली तर विझवता येते. आत शिरलेली दिसत नाही. वरून पाण्याचा मारा केला तर पाणी वरच्या वर ओघळते आणि आत धुमसणे चालूच राहते. ढीग यंत्राने उकरून, पसरून, भिजवावा लागतो. त्यात दिवसच्या दिवस जातात. साठवलेला बगॅस आतून आपोआपही तापतो, हे खरे आहे. म्हणून तर त्यावर रात्रंदिवस नजर ठेवतात. पण बिडीच्या थोटकाने लागणारी आग टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आणि एकट्या बगॅसचेच काय? रस स्वच्छ करायला गंधक लागते, त्याचे गोदाम असते. ज्या कारखान्याला डिस्टिलरी आहे तिथे स्पिरिटच्या टाक्या असतात. शुद्ध अल्कोहोल अवघ्या १३ अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे तिथे एक काडी ओढणे म्हणजे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. साखरेची बारीक धूळसुद्धा हवेत दाटली की भडकते. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात अशा धुळीचा स्फोट होऊन १४ माणसे गेली. तिथे कारण बिडी-सिगारेट नव्हते. यंत्राचा तापलेला भाग निमित्त झाला असावा, असे चौकशीत निघाले. सांगायचे ते इतकेच, की आपण जिला गोड समजतो ती साखरही ठिणगीची वाट बघत असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालकाचीच झडती का? याचे उत्तर असे, की ढीग जळाला तर पहिला भुर्दंड मालकालाच बसतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्याने साखरेबरोबर बगॅस, मळी या उपपदार्थांचे उत्पन्नही ऊसदराच्या हिशेबात धरले आहे. म्हणजे यार्डातला ढीग हा तुमच्या-माझ्या बिलाचाच एक भाग झाला. आपल्या घरी खळ्यावर ज्वारीची रास पडलेली असताना कोणी पाहुणा बिडी शिलगावू लागला तर आपण काय करतो? हात धरतो. वॉचमन तेच करतो आहे. तो आपल्या राशीची राखण करतो, त्याबद्दल रागवायचे कशाला?

दरवर्षी हंगामाआधी आपण बॉयलरचे अग्निप्रदीपन करतो. नारळ फोडतो, हळद-कुंकू वाहतो. अग्नीला आपल्या कारखान्यात जो मान आहे तो बॉयलरच्या भट्टीत. खिशातल्या अग्नीला गेटच्या आत जागा नाही.

कायदा काय सांगतो?

ही बंदी चेअरमनसाहेबांच्या किंवा एमडी साहेबांच्या मर्जीने आलेली नाही. १९४८ साली झालेल्या कारखाने कायद्याच्या ३७ व्या कलमातच म्हटले होते, की पेट घेणारी धूळ किंवा वायू जिथे असेल तिथून आग लागण्याची सर्व साधने दूर ठेवावीत. तो झाला आगीचा विचार. पुढे धुराचा विचार आला. मुंबईचे पुढारी मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जावर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. न ओढणाऱ्याने ओढणाऱ्याचा धूर का सोसावा, हा त्यातला मुद्दा होता. २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला आणि २००८ च्या नियमांनी त्यात कामाची ठिकाणेही आणली. २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधी जयंतीपासून, हे नियम देशभर लागू आहेत. मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. जागेच्या मालकाने किंवा व्यवस्थापकाने फलक लावायचा आहे, आणि तिथे रक्षापात्र, काडेपेटी, लायटर असे धूम्रपानाला सोयीचे काही ठेवायचे नाही, असेही त्यात सांगितले आहे.

तेव्हा ऑफिसात टेबलावर रक्षापात्र ठेवून "घ्या पाटील, ओढा" म्हणण्याचे दिवस गेले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांत मीही आहे. त्या काळी गटाच्या बैठकीत धूर इतका असे, की पलीकडे बसलेला कोण हे आवाजावरून ओळखावे लागे. दोनशे रुपयांचे भय कोणाला आहे? पण नियम सगळ्यांना सारखा लागला की एकट्याला कमीपणा वाटत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

माझी गोष्ट

इथवर लिहिणे सोपे होते. पुढचे थोडे जड आहे.

फेब्रुवारी १९९३ ची गोष्ट. तेव्हा आपला नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला, तोवर आपण धुळे जिल्ह्यातच होतो. आमच्या वावराला लागून आबांचा ऊस होता. आबा नात्याने लांबचे काका, पण बांधाला बांध लागलेला, त्यामुळे घरच्यासारखे. त्यांचा दोन एकर ऊस तोडीला आलेला. माझ्या वावरातली तोड होऊन गेली होती आणि पाचट तसेच पसरलेले होते. दुपारी मोटार बंद करून मी बांधावर बसलो, बिडी पेटवली, ओढली, थोटूक टाचेखाली रगडले असे मला वाटले, आणि जेवायला घरी गेलो.

तासाभरात आरडाओरड झाली. पाचटातून आग बांध ओलांडून आबांच्या उसात शिरली होती. उभा ऊस जळतानाचा तो तडतड आवाज ज्याने ऐकला आहे त्याला जास्त सांगायला नको. गाव बादल्या आणि हिरव्या फांद्या घेऊन धावले, पण पाऊण तासात दोन एकर काळे झाले. माणसे-जनावरे वाचली, एवढेच.

आबांच्या वावरावरून विजेची तार गेलेली होती. कोणीतरी म्हणाले, तारा घासल्या असतील, ठिणगी पडली असेल. सगळ्यांनी तेच धरले. मीही मान हलवली. खरे काय ते मला त्याच क्षणी कळले होते, कारण आग कुठून आली ती वाट मला दिसत होती. पण तोंड उघडले नाही.

जळीत उसाचे काय होते ते तुम्ही जाणता. टोळी मिळून तोड लागेपर्यंत सहा दिवस गेले. जळालेला ऊस उभा असला तरी आत रस बिघडू लागतो, वजन घटते, साखर उतरते. त्यात जळीत म्हणून दरात कपात. आबांनी त्या वर्षी मुलीचे लग्न पुढच्या सालावर ढकलले. मी त्या लग्नाला जेवलो, वाढपी म्हणून राबलो, आणि गप्प बसलो.

बिडी सुटली का? नाही. उलट वाढली. दिवसाला एक बंडल होते ते दीड झाले. मनात काही सलत असले की माणूस आधी खिशात हात घालतो.

मग आला जानेवारी २०११. त्या हंगामात ऊस भरपूर होता आणि गाडीतळावर ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या होत्या. माझा ड्रायव्हर तापाने आडवा झाला म्हणून मीच ट्रॅक्टर घेऊन गेलो. गेटवर बिडी-काडी ठेवून घेतली. आत रात्रभर थांबायचे होते. थंडी मरणाची, आणि शेकोटीलाही बंदी. दर दोन तासांनी मी उठायचो, गेटपर्यंत चालत जायचो, बिल्ला देऊन बंडल घ्यायचो, बाहेर रस्त्यावर उभा राहून दोन बिड्या ओढायचो आणि परत यायचो. तिसऱ्यांदा परत आलो तो रांग पुढे सरकलेली आणि मागचे चार ट्रॅक्टर माझ्या पुढे लागलेले. भांडलो. मागचा पोरगा म्हणाला, "बाबा, तुमची गाडी उभी, तुम्ही गायब. आम्ही काय रात्रभर तुमच्या बिडीची वाट बघायची?" तो माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्याला उत्तर नव्हते.

रांगेत पुढे आबांची ट्रॉली होती. त्यांचा मुलगा चालवायला, आणि आबा आपले बरोबर आलेले. सत्तरी गाठली होती तरी कारखान्यावर यायची हौस गेली नव्हती. मी त्यांच्याजवळ जाऊन घोंगडी पांघरून बसलो. आबा बोलता बोलता म्हणाले, "जळिताच्या साली इथेच बसलो होतो रे मी. काट्यावरचा माणूस म्हणाला, आबा, आधी हात धुवा अन् मग सही करा, कागद काळा होतो. तेवढं लक्षात राहिलं बघ."

त्यांनी ते सहज सांगितले. तक्रार म्हणून नव्हे. पण अठरा वर्षांनंतर माणसाला नुकसानीचा आकडा आठवत नव्हता, काळे हात आठवत होते. आणि ते काळे कोणी केले ते त्यांच्या शेजारी घोंगडी पांघरून बसले होते.

सकाळी सात वाजता ट्रॉली रिकामी झाली. गेटवर वॉचमनने बंडल आणि काडेपेटी पुढे केली. मी बिल्ला दिला आणि म्हटले, "राहू दे. पुढच्या खेपेला नेतो." पुढच्या खेपेलाही तेच म्हटले. तो डबा नंतर किती दिवस तिथे होता देव जाणे.

आखाजीला, म्हणजे मे महिन्यात, आबांच्या ओट्यावर गेलो आणि सगळे सांगितले. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या वायरमनशी मी चार वर्षे बोललो नाही. दारी आला तर पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याचं काय करशील?" मी पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "वावरात चार ट्रॉल्या शेणखत टाक, अन् माझ्यासंगे त्याच्याकडे चल." वायरमन तोवर निवृत्त झाला होता. आम्ही दोघे मोटारसायकलवर त्याच्या गावी गेलो. त्याने चहा पाजला. शेणखतही टाकले. आबा आता नाहीत. ही हकीकत लिहायला त्यांच्या मुलाची हरकत नाही, हे त्याला विचारूनच लिहितो आहे.

नुसत्या बंदीने सुटते का?

कोणी म्हणेल, ही तुमची घरची कथा झाली. गेटवरच्या डब्याने काय झाले? डब्याने एक केले. ती रात्र बिडीवाचून निघते, हे मला दाखवले. त्याआधी चौतीस वर्षांत मी कधी सलग सहा तास बिडीवाचून जागा राहिलो नव्हतो. माझा समज होता की मी मरेन. नाही मेलो.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि जर्मनीतल्या कामाच्या ठिकाणांवर झालेल्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. जिथे धूम्रपानाला पूर्ण बंदी होती तिथे ओढणाऱ्यांचे प्रमाण शंभरात जवळपास चाराने कमी झाले, आणि जे ओढत राहिले त्यांच्याही दिवसाला सुमारे तीन सिगारेटी कमी झाल्या. शंभरात चार हा आकडा लहान वाटेल. पण वजनकाट्यावर आपण पाच-दहा किलोसाठी भांडतो, मग चार माणसांना कमी का म्हणावे? मात्र त्याच आकड्याचा दुसरा अर्थही आहे, की बाकीच्यांची निव्वळ बंदीने सुटली नाही. बंदी हातातली बिडी काढते. मनातली काढायला ज्याचे त्याचे कारण लागते.

कोणाचे कारण छातीत असते. भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि बाईचे आठ वर्षांनी कमी होते असे दिसले. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे दहा वर्षांनी. "बिडी म्हणजे पानातली तंबाखू, तिने काय होते?" असे म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. तामिळनाडूत ४३ हजार पुरुषांच्या मृत्यूंची पाहणी झाली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. भारतात क्षयाने मरणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या मृत्यूला धूम्रपान कारण आहे, असा तिचा निष्कर्ष होता. कोणाच्या घरात कोणी खोकत असेल तर वेगळे कारण शोधायला नको.

वय झाले, आता सोडून काय उपयोग, असेही पुष्कळ जण म्हणतात. इंग्लंडमध्ये डॉक्टर मंडळींचीच पन्नास वर्षे नोंद ठेवून २००४ साली हिशेब मांडला गेला. तिशीत सोडणाऱ्याची गेलेली दहाच्या दहा वर्षे वाचतात, चाळिशीत सोडणाऱ्याची नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत तीन. मी एक्कावन्नाव्या वर्षी सोडली. म्हणजे हा लेख मी त्या वाचलेल्या वर्षांतच लिहितो आहे असे समजा.

कोणाचे कारण खिशात असते. बिडी-काडीला दिवसाला तीस रुपये धरा. वर्षाचे १०,९५० झाले. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवला. म्हणजे वर्षाला तीन टन ऊस आपण नुसता ओढून टाकतो. तोडणी-वाहतूक वजा जाता हाती पडणाऱ्या पैशांत मोजले तर चार टनांच्या जवळ जातो. चार टन ऊस कोणी फुकट नेला तर आपण पोलीस पाटलाकडे जाऊ.

माझे कारण कागदावरचे काळे ठसे होते. तुमचे दुसरे असेल. पण असावे, आणि ते स्वतःचे असावे. बायकोने सांगितले म्हणून, डॉक्टरने दम दिला म्हणून सोडलेली बिडी पहिल्या भांडणात परत येते.

एक सावधगिरी

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. गेटवर बिडी ठेवून माणसे आत जातात आणि मग खिशातून तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी निघते. मळली, फक्की मारली, झाले. आग लागत नाही हे खरे, पण रोग तोच. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर प्रौढांत २६ ते २७ जण तंबाखू या ना त्या रूपात घेणारे निघाले. त्यांत धूर ओढणारे चारसुद्धा नाहीत. २४ हून अधिक जण खाणारे, लावणारे. म्हणजे आपल्या राज्याचा खरा घोर बिडीपेक्षा तंबाखू-मिसरीचा आहे. तोंडाचा कर्करोग ज्याने जवळून पाहिला त्याला यापुढे काही सांगायला नको. गुटख्यावर राज्याने जुलै २०१२ मध्ये बंदी घातली, तरी पुडी कुठे मिळते हे पोरासोरांना ठाऊक असते. म्हणून बिडी सोडताना तंबाखूचा आधार धरू नये. विहिरीतून निघून आडात पडल्यासारखे होते.

दुसरे, आपल्या फडात तोडीला येणारी मंडळी पाचटाच्या कोप्यांत राहतात. तिथे लहान लेकरे असतात. तिथे गेटही नाही आणि वॉचमनही नाही. तोड चालू असताना निदान मालकाने तरी कोपीजवळ बिडी पेटवू नये, आणि मुकादमाशी गोडीने बोलून ठेवावे. ओरडून कोणी ऐकत नाही.

सोडायची कशी?

मला जे उपयोगी पडले ते लिहितो. पहिले तीन दिवस फार वाईट जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुष्कळ हलके वाटते. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. मी पाणी प्यायचो, बडीशेप चघळायचो, वावरात चक्कर मारायचो. चहानंतरची बिडी सर्वांत अवघड, म्हणून दोन महिने चहा उभ्यानेच पिऊन उठायचो. ज्या पाराखाली बिडीवाले बसत तिकडे पावसाळ्यापर्यंत गेलो नाही. खिशात काडेपेटी ठेवणे बंद केले. दुसऱ्याकडे मागताना माणसाला थोडी लाज वाटते आणि त्या लाजेचाही उपयोग होतो.

एकदा घसरलो, तेही सांगतो. डिसेंबर २०११ मध्ये सारंगखेड्याच्या यात्रेत जुने सोबती भेटले, घोडेबाजारात फिरता फिरता दोन बिड्या ओढल्या. रात्री घरी येऊन वाटले, संपले सगळे. मंडळी म्हणाली, "एक खोड गेलं म्हणून सगळा खोडवा मोडतात का?" दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून आजवर नाही.

एकट्याने जमत नसेल तर मदत आहे. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, नंबर १८००-११-२३५६. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना विचारावे. निकोटीनच्या गोळ्या आणि च्युइंगम मिळतात, ते त्यांच्या सल्ल्याने घ्यावे. त्यात कमीपणा कसला? उसाला हुमणी लागली तर आपण शेतकी अधिकाऱ्याला विचारतोच ना?

शेवटी

ज्या सभासदाने बैठकीत विषय काढला त्यांच्यावर माझा रोष नाही. २०११ साली त्या रात्री मीही वॉचमनला चार शब्द सुनावले होते. मालक म्हणून मान हवा, हे बरोबरच आहे. पण मालकाचा मान राशीची काळजी घेण्यात आहे. चेअरमनपासून चिटबॉयपर्यंत आणि सभासदापासून ट्रॅक्टरच्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांची काडेपेटी त्या एकाच डब्यात पडली पाहिजे. तिथे कोणाला सूट नको; संचालकांच्या गाडीलाही नको. वॉचमन विसरला तर आपणच आठवण द्यावी.

आणि परत जाताना बिल्ला दिल्यावर क्षणभर थांबावे. आत असताना जी गोष्ट आठ-दहा तास नडली नाही ती बाहेर पडताना न्यायलाच हवी का, एवढे स्वतःला विचारावे. त्या वेळी वॉचमन काही बोलणार नाही, कायदाही काही बोलणार नाही. तिथे ज्याचे त्यानेच ठरवायचे आहे.

एवढेच नम्र सांगणे. उणे-अधिक झाले असेल तर क्षमा असावी.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद, तालुका शहादा